नागरिकांना काय विचारावे?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची उमेदीची वर्षे नगरपालिकेच्या सभागृहात गेली. त्यामुळे विषय निवडताना मला फार शोधाशोध करावी लागली नाही. पाणी, कचरा, रस्ते, गटारे, दवाखाने या शहरी सेवांबद्दल लोक किती समाधानी आहेत, हे विचारणारी सर्वेक्षणे हल्ली दरवर्षी होतात. त्यांच्या बातम्या छापून येतात, चौकात अभिनंदनाचे फलक लागतात. या सर्वेक्षणांतून खरोखर काय कळते, यावर आज बोलायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ हा त्यातला सर्वांत कमी उपयोगाचा प्रश्न आहे. खरी माहिती त्याच्या खालच्या प्रश्नांत असते. ते प्रश्न विचारायची, आणि मिळालेली उत्तरे जशीच्या तशी छापायची तयारी फार थोड्यांची असते.

सुरुवात बेंगळुरूपासून करतो, कारण आपल्या देशात या कामाची वाट तिथे पडली. सॅम्युएल पॉल हे अर्थतज्ज्ञ. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे ते माजी संचालक. पुढे जागतिक बँकेत काम करून ते बेंगळुरूत स्थायिक झाले. 1993 च्या सुमाराला त्यांनी आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी ठरवले की, शहरात सेवा देणाऱ्या प्रत्येक खात्याला नागरिकांकडून गुण द्यायला लावायचे. सुमारे अकराशे कुटुंबांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या गेल्या. त्यांत झोपडपट्टीतली कुटुंबे मुद्दाम वेगळी घेतली. 1994 मध्ये निकाल जाहीर झाला. महानगरपालिकेच्या कामावर 5 टक्के लोक समाधानी, वीज मंडळाच्या कामावर 6, पाणीपुरवठा मंडळाच्या कामावर 4 आणि बेंगळुरू विकास प्राधिकरणाच्या कामावर 1 टक्का. शंभरात एक माणूस.

लोक नाराज आहेत हे कळायला सर्वेक्षण कशाला हवे, असे कोणीही म्हणेल. बसस्टॉपवर पाच मिनिटे उभे राहिले तरी ते कळते. पण पॉल यांचे सर्वेक्षण तेवढ्यावर थांबले नव्हते. गेल्या काही महिन्यांत तुम्ही कोणत्या कार्यालयात गेलात? किती खेपा घातल्या? काम झाले का? पैसे मागितले का? तुम्ही दिले का, आणि किती? पाणी-वीज नीट मिळत नाही म्हणून टाकी, पंप, बोअरवेल यांवर घरचा किती खर्च झाला? असे प्रश्न त्यात होते. ‘भ्रष्टाचार फार बोकाळला आहे’ हे वाक्य कोणताही अधिकारी शांतपणे ऐकून घेतो. ‘तुमच्या कार्यालयात इतक्या लोकांनी सरासरी इतके रुपये दिले’ हे वाक्य त्याला ऐकून सोडून देता येत नाही. एका मोठ्या इंग्रजी वृत्तपत्राने दर आठवड्याला एकेका खात्याचे निष्कर्ष छापायला सुरुवात केली. पॉल यांनी अहवाल खात्यांच्या प्रमुखांकडे पाठवला होता. पुढे येऊन चर्चेला बसण्याची तयारी सर्वांत आधी दाखवली ती विकास प्राधिकरणाच्या प्रमुखांनी, म्हणजे ज्यांना सर्वांत कमी गुण मिळाले होते त्यांनी. मला ही गोष्ट आजही मोलाची वाटते. पुढे हेच काम चालू ठेवायला पब्लिक अफेअर्स सेंटर ही संस्था उभी राहिली.

त्या 1 टक्क्यापाशी थोडे थांबू या. विकास प्राधिकरणच सर्वांत खाली का? तिथे माणूस भूखंडासाठी, खरेदीखतासाठी, नावनोंदणीसाठी जातो. हातात फाइल असते आणि एकेक टेबल ओलांडायचे असते. उलट अमेरिकेतल्या शहरांची अशी सर्वेक्षणे पाहिली तर वर्षानुवर्षे एक गोष्ट दिसते: अग्निशमन दल आणि सार्वजनिक वाचनालये यांना भरघोस गुण, रस्तेदुरुस्तीला कमी. आपल्याकडेही अग्निशमन दलाच्या जवानांबद्दल लोक आदरानेच बोलतात. तो मनुष्य तुमच्याकडे कागद मागत नाही. जिथे नागरिकाला अर्जदार होऊन उभे राहावे लागते, तिथे त्याचा अपमान होण्याच्या जागा वाढतात, आणि सर्वेक्षणात उतरतो तो बहुतेक वेळा हा अपमान. जन्माचा दाखला, मिळकतीवर नाव लावणे, बांधकाम परवानगी, नळजोडणी यांची उत्तरे वेगळी काढून पाहिली की हे लख्ख दिसते. रस्त्यातल्या खड्ड्याचा राग येतो आणि ओसरतो. टेबलावरून परत पाठवल्याचे माणूस वर्षानुवर्षे विसरत नाही.

बेंगळुरूत 1999 मध्ये पुन्हा सर्वेक्षण झाले. महानगरपालिका 41 टक्के, पाणीपुरवठा मंडळ 42, विकास प्राधिकरण 16. सुधारणा होती. पण त्याच सर्वेक्षणात आणखी एक गोष्ट समोर आली: लाच द्यावी लागली असे सांगणाऱ्यांचे प्रमाण पाच वर्षांत वाढले होते. समाधान वाढले आणि लाचही वाढली. मी याचा अर्थ असा लावतो की काम होऊ लागले होते, पण त्याची किंमत लोक खिशातून मोजत होते, आणि काम झाल्याच्या सुटकेत ती किंमत माफ करत होते. फक्त समाधानाचा प्रश्न विचारला असता तर सर्वांनी एकमेकांचे अभिनंदन केले असते.

त्याच वर्षाच्या शेवटाला मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांनी नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली शहरासाठी एक कृती दल नेमले. प्रत्येक खात्याने आपली उद्दिष्टे ठरावीक काळाने जाहीर सभेत, लोकांसमोर सांगायची आणि मागच्या वेळी सांगितलेल्याचा हिशेब द्यायचा, अशी पद्धत पडली. 2000 पासून महानगरपालिकेने मालमत्ता कराची स्वयंमूल्यांकन योजना आणली. नागरिकाने ठरलेल्या कोष्टकावरून आपला कर स्वतः काढायचा आणि भरायचा. निरीक्षक घरी येऊन मोजमाप करणार आणि आकडा त्याच्या मनावर, ही स्थिती त्यामुळे बरीच कमी झाली. 2003 च्या तिसऱ्या सर्वेक्षणात महानगरपालिका आणि पाणीपुरवठा मंडळ 73 टक्क्यांवर, विकास प्राधिकरण 85 टक्क्यांवर पोचले. 1 वरून 85 ही झेप पाहून मी हुरळत नाही. वीस-पंचवीस वर्षे प्रश्नावल्यांच्या संगतीत घालवलेला कोणीही हुरळणार नाही. उत्तराचे पर्याय किती ठेवले, ‘काहीसा समाधानी’ला कोणत्या रकान्यात टाकले, यावर आकडे दहा-वीसांनी हलतात. पण कराची पद्धत बदलली, एक टेबल उठले, खात्यांच्या प्रमुखांना भर सभेत उत्तरे द्यावी लागली, हे घडले. आकड्यांपेक्षा माझा भरवसा यावर आहे.

आता आपल्या घरचे पाहू.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात पाण्याबद्दलची प्रश्नावली घेऊन फिरणाऱ्या मुलींबरोबर मी एका वस्तीत बसलो होतो. पत्र्याची खोली, दाराशी दोन निळे पिंप, त्यांवर जुन्या साडीचे फडके बांधलेले. बाई धुण्याभांड्याची कामे करणारी. पहिला प्रश्न नेहमीचा: ‘मावशी, नळाच्या पाण्याबद्दल तुम्ही समाधानी आहात का?’

‘हो, येतंय की पाणी. आपली काय तक्रार नाही.’

मुलीने ‘समाधानी’वर खूण केली. पुढचा प्रश्न: किती वाजता येते?

‘पहाटं. साडेतीनला. कधी चार वाजतात.’

किती वेळ?

‘चावीवाल्याच्या हातात हाय ते. अर्धा तास, पाऊण तास. वरच्या आळीनं मोटर लावली की आमच्याकडं धार बारीक होती.’

मग उठते कोण?

‘मी उठते. माझा डोळा नाही उघडला तर पोरगी. दहावीला हाय ती.’

मुलीने विचारले, याचा त्रास नाही का होत? बाई म्हणाली, ‘पलीकडच्या वस्तीला नळच नाही. त्यांना टँकर. आमचं बरं म्हणायचं.’

एकाच कागदावर वर ‘समाधानी’ आणि खाली ‘साडेतीन’. संगणकात भरताना वरची खूण टक्केवारीत जाते आणि वर्तमानपत्रात येते. खालचा ‘साडेतीन’ बहुतेक वेळा कोणत्याच तक्त्यात येत नाही. दहावीच्या मुलीची झोप तर प्रश्नावलीतच नव्हती, बोलता बोलता ती निघाली. त्याच आठवड्यात त्याच शहरातल्या एका सोसायटीत दिवसभर पाणी असलेल्या घराने ‘असमाधानी’ असे उत्तर दिले, कारण मंगळवारी दुपारी तीन तास पुरवठा बंद होता आणि आधी सूचना मिळाली नव्हती. त्या घरानेही खोटे सांगितले नाही. सूचना मिळायलाच हवी होती. पण फक्त वरच्या ओळीवर नकाशा रंगवला तर वस्ती हिरवी दिसेल आणि सोसायटी लाल. अभियंता नवी जलवाहिनी कुठे टाकेल? लालच्या दिशेने. असे झाले तर सर्वेक्षणाने अन्यायाला आकडेवारीचा आधार दिला, असेच म्हणावे लागेल.

ही अडचण अभ्यासकांना जुनीच ठाऊक आहे. ब्रायन स्टायपॅक यांनी 1979 मध्येच अमेरिकेतल्या शहरांबाबत इशारा दिला होता की, नागरिकांचे समाधान हे सेवेच्या दर्जाचे माप म्हणून वापरले तर फसगत होऊ शकते. ग्रेग व्हॅन रायझिन यांनी न्यूयॉर्कच्या सर्वेक्षणांवरून दाखवले की समाधान हे मिळालेल्या सेवेइतकेच आधीच्या अपेक्षेवर अवलंबून असते. ज्याची अपेक्षाच खाली आणून ठेवली आहे त्याला थोडक्यात समाधानी करता येते. पण याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी लोकांच्या उत्तरांवर अविश्वास दाखवतो आहे असे वाटेल. न्यूयॉर्कमध्ये 1970 च्या दशकापासून प्रशिक्षित निरीक्षक रस्त्यांच्या स्वच्छतेला गुण देत आले आहेत. ते गुण आणि नागरिकांनी सर्वेक्षणात दिलेली मते शेजारी ठेवून पाहिली, तर ती बऱ्यापैकी जुळली. डोळ्यांसमोरच्या, रोज पायाखाली येणाऱ्या गोष्टीबद्दल माणसाला नेमके विचारले तर तो नेमके सांगतो. गल्ली झाडली जाते का, घंटागाडी कोणत्या वारी येते, दिवा किती रात्री बंद होता, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. गडबड होते ती त्याला मनःस्थिती विचारल्यावर.

मनःस्थितीचे आकडे किती जोराने हलतात तेही न्यूयॉर्कमध्येच दिसले. तिथल्या सिटिझन्स बजेट कमिशन या स्वतंत्र संस्थेने केलेल्या सर्वेक्षणात शहरातले जीवनमान ‘चांगले’ किंवा ‘उत्तम’ म्हणणारे 2017 मध्ये 51 टक्के होते, ते 2023 मध्ये 30 टक्क्यांवर आले. शहराच्या सेवांबद्दलचा आकडा 44 वरून 24 वर घसरला. सहा वर्षांत सगळी खाती एकदम बिघडली असे मला वाटत नाही. मधे कोविडची साथ येऊन गेली, सुरक्षिततेची काळजी वाढली, घरभाडे परवडेनासे झाले. एकूण मत विचारले की या सगळ्याची बेरीज एका उत्तरात येते, आणि कोणत्या खात्याने काय दुरुस्त करायचे ते कोणालाच कळत नाही.

मुंबईकडे वळतो. 2011 च्या जनगणनेनुसार तिथले 40 टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. पाण्याच्या हिशेबात झोपडपट्टीतल्या माणसाला दिवसाला 45 लिटर आणि इमारतीतल्या माणसाला 135 लिटर हे माप तिथे चालत आले आहे. म्हणजे विषमता आधीच नियमात बसलेली आहे. आणि ज्यांना तेही नाही, अशा वस्त्या आहेत. ठरलेल्या तारखेनंतरची झोपडी म्हणून नळजोडणी नाकारली जात असे. पाणी हक्क समितीने न्यायालयात दाद मागितली आणि डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाला पाण्यावाचून ठेवता येणार नाही. मला यातला सर्वेक्षणाशी जोडलेला धागा दाखवायचा आहे. नमुना निवडताना घरपट्टीची यादी, नळजोडण्यांची यादी किंवा मतदार यादी वापरली जाते. ज्याचे नाव यांपैकी कुठेच नाही, त्याच्या दारात प्रश्नावलीही जात नाही. सर्वांत कमी सेवा मिळणारा माणूस सर्वेक्षणातूनही गळतो. भाड्याने राहणारी कुटुंबे, बांधकामावरच्या खोपटांतले मजूर, कामासाठी पुलाखाली राहणारी माणसे यांना धरून काढलेली टक्केवारी मी क्वचितच पाहिली आहे.

‘सर्वेक्षणाची गरजच काय, तक्रारींची नोंद आहे ना’ असे अधिकारी सांगतात. मुंबईत प्रजा फाउंडेशन ही संस्था अनेक वर्षे पालिकेच्या तक्रारींची आकडेवारी माहिती अधिकारातून मिळवते, प्रभागवार मांडते आणि त्याशिवाय घरोघरी स्वतंत्र पाहणीही करून घेते. दोन्ही कशाला हवे? तक्रार करायला फोन लागतो, वेळ लागतो, कोणत्या खात्याकडे जायचे ते ठाऊक असावे लागते, आणि आपले कोणी ऐकेल हा विश्वास लागतो. हे चारही ज्यांच्याकडे आहेत त्यांचा आवाज तक्रारवहीत उमटतो. ज्या प्रभागातून तक्रारी कमी येतात, तिथे आधी जाऊन पाहावे, असे मी तरुण अधिकाऱ्यांना नेहमी सांगतो.

सरकारी सर्वेक्षणांबद्दल बोलायलाच हवे, कारण चौकातले फलक त्यांचेच असतात. केंद्र सरकारच्या राहण्यायोग्य शहरांच्या 2020 च्या निर्देशांकात 111 शहरे होती. 30 टक्के गुण नागरिकांच्या मताला होते आणि 32 लाखांवर लोकांनी मत नोंदवले. मार्च 2021 मध्ये निकाल लागला: दहा लाखांवरच्या शहरांत बेंगळुरू पहिले, पुणे दुसरे, नवी मुंबई सहावे, मुंबई दहावे. 32 लाख ही संख्या मोठी आहे. पण अकराशे घरांच्या पाहणीतून बेंगळुरूला 1994 मध्ये जे कळले, ते या 32 लाखांतून कोणत्याही शहराला कळले नाही. पुण्याच्या धायरीतल्या किंवा येरवड्यातल्या माणसाला आपल्या भागात काय कमी आहे आणि ते कोणी भरून काढायचे, हे त्या क्रमांकातून कळण्याचा मार्गच नव्हता. पहिल्या आलेल्या बेंगळुरूत निकालाच्या वेळी निवडून आलेले सभागृह नव्हते, सप्टेंबर 2020 मध्येच त्याची मुदत संपली होती. सप्टेंबर 2022 मध्ये त्याच शहरात आउटर रिंग रोडचा परिसर पाण्याखाली गेला आणि मार्च 2024 मध्ये बोअरवेल आटून लोक टँकरच्या मागे धावले. तलाव, नाले आणि भूजल या गोष्टी कोणाच्याही समाधानाच्या रकान्यात वेळेवर दिसत नाहीत. त्यासाठी भूशास्त्रज्ञ आणि अभियंते लागतात. सर्वेक्षणाची ही मर्यादा मान्य केली पाहिजे.

स्वच्छ सर्वेक्षणात नागरिकांच्या प्रतिसादाला गुण ठेवले, हे चांगलेच झाले. पण कित्येक शहरांत पालिकेचेच कर्मचारी सोसायटीच्या फाटकाशी उभे राहून लोकांच्या मोबाइलवर प्रतिसाद भरून घेतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मुकादमाला दिवसाला इतके प्रतिसाद असे उद्दिष्ट दिलेले असते. रोज पहाटे कचरा उचलणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत त्याच्या कामाला कमी गुण कोण देईल? आणि देऊही नयेत, कारण बिघाड बहुधा त्याच्या हाती नसतो. घंटागाड्या किती, हस्तांतरण केंद्र कुठे, ठेकेदाराचे बिल कशावर काढायचे, हे ठरवणारा माणूस त्या फाटकापाशी कधी उभा नसतो. ज्याच्या कामाचे मोजमाप करायचे त्याच्याच हाती मोजणी देणे बंद झाले पाहिजे.

मला काय हवे आहे ते सांगतो. दर दोन वर्षांनी, प्रभागवार, पालिकेबाहेरच्या संस्थेकडून घरोघरी पाहणी व्हावी. पालिकेने तिचा खर्च द्यावा, पण प्रश्नावलीवर आणि छपाईवर पालिकेचा हात नसावा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला. त्याखाली दाखले आणि परवानग्यांना मुदती ठरल्या आहेत. पाहणीत सरळ विचारावे: मुदतीत मिळाला का, किती खेपा झाल्या, वर पैसे द्यावे लागले का. पाण्याबद्दल विचारताना घड्याळ विचारावे. नळ नसलेल्या घरांचा वेगळा गट करावा आणि त्याचे आकडे सरासरीत मिसळू नयेत. उत्तर पाणी भरणाऱ्या व्यक्तीकडून घ्यावे. आपल्याकडे ती बहुतेक घरांत बाई असते आणि प्रश्नावलीला उत्तर देतो पुरुष. पुण्यात 2006-07 पासून नागरिकांनी अंदाजपत्रकात कामे सुचवण्याची पद्धत आहे. तिच्या जोडीला पाहणीचे निष्कर्ष स्थायी समितीपुढे ठेवले, तर कोणत्या प्रभागाने बाक आणि फलक मागितले आणि कोणत्या प्रभागाला पाणीच नव्हते, ते एका पानावर दिसेल.

यात सर्वांत अवघड आहे ती उत्तर द्यायला बांधील असलेली माणसे सभागृहात असणे. 74 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. तरी मार्च 2022 मध्ये मुंबई आणि पुणे महानगरपालिकांची मुदत संपली आणि त्यांचा कारभार कित्येक वर्षे प्रशासकांकडे राहिला. त्या काळातही सर्वेक्षणे झाली, क्रमांक लागले. पण ते निष्कर्ष सभागृहात मांडून जाब विचारणारा नगरसेवक नव्हता. बेंगळुरूचे पहिले सर्वेक्षण फळले ते निष्कर्ष जाहीर झाले, वर्तमानपत्राने लावून धरले आणि खात्यांना लोकांसमोर यावे लागले म्हणून.

तेव्हा शेवटी आपल्याकडे एक मागणे आहे. पुढच्या वेळी प्रश्नावली घेऊन कोणी दारात आले तर ‘बरं चाललंय’ म्हणून दार लावू नका. वेळ सांगा, रक्कम सांगा, किती हेलपाटे घातले ते सांगा. घरकाम करायला येणाऱ्या मावशींना विचारा की त्यांच्या वस्तीत कोणी आले होते का, आणि आले नसेल तर त्या मुलींना तिकडे पाठवा. आणि आपल्या नगरसेवकाकडे लेखी मागा की आपल्या प्रभागाची पाहणी अंदाजपत्रकाच्या आधी व्हावी आणि तिचे तक्ते, खालच्या सगळ्या ओळींसकट, क्षेत्रीय कार्यालयाच्या दारावर लावावेत.